बाळपट्टी

एबटच्या दारावरच्या काठीला हिरवं झुडूप बांधलेलं दिसलं की कूम्बली गावातल्या माणसांना दोन गोष्टी कळायच्या. एक, जवाची ताजी बियर तयार आहे. दुसरी, एबटकडे काहीतरी नवीन सांगायला आहे. पहिल्या गोष्टीसाठी कुणी फारशी घाई करत नसे, कारण एबटची बियर पातळ असे आणि ती स्वतःही ते नाकारत नसे. माणसं यायची ती दुसरीसाठी.

नवरा कथलाच्या खाणीत दरडीखाली गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. मूलबाळ नाही, शेत नाही. घरात एक तांब्याचा हंडा आणि तोंडात जीभ, एवढ्यावर तिने वीस वर्षं काढली. एक्सेटरच्या रस्त्याने जो येईल त्याला ती दाराशी बसवायची, भाकरीचा तुकडा द्यायची आणि त्याच्याकडून बातमीचा जो तुकडा मिळेल तो ठेवून घ्यायची. संध्याकाळपर्यंत त्या तुकड्याची अख्खी मेजवानी झालेली असायची. कुणाचं गाढव मेलं असेल तर एबटच्या घरी ते मरण्याआधी तीनदा उठून बसायचं. लोहार जेंकिन म्हणायचा, मावशी, तुझ्या बियरमध्ये पाणी आणि बातमीत खमीर. सगळे हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने एबट. तिच्या लेखी ते खोटं नव्हतंच. पीठ खरं असायचं, फुगवटा तेवढा तिचा.

त्या वर्षी हेमंतात, सगळ्या संतांचा सण होऊन दोन रविवार गेले होते तेव्हा, फादर ज्योफ्रींनी लंडनहून आलेले राजाच्या मंत्र्याचे हुकूम चर्चमध्ये वाचून दाखवले. फादर आता थकले होते. दर दोन ओळींनी खोकला यायचा, आणि लॅटिन सोडून साध्या बोलीत काही वाचायचं म्हणजे त्यांना परक्याचे कपडे घातल्यासारखं वाटायचं. संतांच्या मूर्तींपुढे मेणबत्त्या लावायच्या नाहीत. बायबल आपल्या भाषेतलं आणून ठेवायचं. आणि एक वही करायची. गावात जो जो बाप्तिस्मा, जे जे लग्न, जे जे दफन होईल ते दर रविवारी त्या वहीत लिहायचं. वही ठेवायला गावाने पेटी करून द्यायची, तिला दोन कुलपं. एक किल्ली फादरकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. फादर लिहायला विसरले तर त्यांना दंड, तीन शिलिंग चार पेन्स, म्हणजे चाळीस पेन्स. तो दंड चर्चच्या डागडुजीला.

एबट तिसऱ्या खांबाला टेकून उभी होती आणि तिला प्रत्येक शब्द कळला. कोण विसरलं तर दंड, तो कुणी द्यायचा, कुठे जायचा, सगळं. पुढे पुष्कळ लोकांनी पुष्कळ सांगितलं, की बिचारीला नीट ऐकू आलं नसेल, की फादरांच्या खोकल्यात अर्धं गेलं असेल. तसं नव्हतं. तिला सगळं कळलं होतं.

त्याच दुपारी तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मेणबत्त्यांवरून माणसं चिडलेलीच होती. दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडचा मठ मंत्र्याच्या माणसांनी बंद केला होता आणि छपरावरचं शिसं सुद्धा गाड्यांत भरून नेलं होतं. तेव्हापासून लंडनहून काहीही आलं की कूम्बलीचे लोक आधी आपल्या कनवटीला हात लावायचे. जेंकिन त्या पेटीच्या गोष्टीवर अडून बसला होता. कागदाला कुलूप कोण लावतं, असं त्याचं म्हणणं. आणि एक नाही, दोन? त्याच्या दुकानातून आजवर जेवढी कुलपं गेली ती सगळी पैशांसाठी गेली, कागदासाठी एकही नाही.

सगळे एबटकडे बघायला लागले. ती हंड्यापाशी उभी होती, हातात पळी. वीस जणांचे डोळे आपल्यावर आहेत आणि आपल्याकडे सांगायला काही नाही, हे तिला सोसण्यातलं नव्हतं.

"बाळपट्टी," ती म्हणाली.

तो शब्द तिच्या तोंडातून आला तेव्हाच तयार झाला. त्याआधी तो जगात कुठे नव्हता. पण एकदा आल्यावर त्याला हातपाय फुटायला वेळ लागला नाही. दर बाप्तिस्म्याला तीन शिलिंग चार पेन्स, ती म्हणाली. लग्नाला त्याच्या दुप्पट. मेलेल्याचं अजून ठरायचंय. फादरना हे मोठ्याने वाचायची बंदी आहे म्हणून त्यांनी दंड म्हणून वाचलं. पेटीला दोन कुलपं का, तर गोळा झालेला पैसा फादरनी एकट्याने खाऊ नये. आता बोला.

जेंकिनने मांडीवर थाप मारली. त्याला हेच तर म्हणायचं होतं.

तेवढ्यात दाराजवळून ऑस्टिन बोलला. ऑस्टिन तिचा शेजारी, बांधबंदिस्तीची कामं करणारा. चार पेन्स रोजाने दगड रचायचा. त्याच्या बायकोचे, थॉमसिनचे, दिवस भरत आले होते, पहिलटकरीण होती, आणि बाळाची धर्ममाता एबट होणार हे केव्हाच ठरलेलं होतं. मुलगी झाली तर रिवाजाप्रमाणे तिला धर्ममातेचंच नाव मिळणार होतं. गावात दुसरी एबट होणार म्हणून जेंकिन महिनाभर कपाळाला हात लावून दाखवत होता.

ऑस्टिन थट्टेत भाग घेत नसे. त्याने सरळ विचारलं, "मावशी, नक्की ना? माझी दहा दिवसांची मजुरी आहे ती."

ही पहिली वेळ. हसून 'अरे, गंमत केली' म्हणायचं, की संपलं असतं. एबट पुढे आयुष्यभर ही वेळ मनात उलटसुलट करून बघत राहिली. तिला आठवायचं ते इतकंच, की खोली अगदी शांत झाली होती आणि त्या शांततेचं तिला बरं वाटलं होतं.

"मी कुठे म्हणते," ती म्हणाली. "पॅस्को सांगून गेला. एक्सेटरला त्याने डोळ्यांनी पाहिलं. बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारी कारकून थैली घेऊन उभा असतो."

पॅस्को हा टाचण्या, सुया आणि फिती विकणारा फेरीवाला. वर्षातून दोनदा यायचा. मागच्याच आठवड्यात तो तिच्या दाराशी बसून कांदा आणि भाकरी खाऊन गेला होता, आणि त्या सबंध वेळात आपल्या गुडघ्यांशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोलला नव्हता. पण तो आता डार्टमथहून जहाजाने पलीकडे जाणार होता. समुद्रापार गेलेल्या माणसाच्या नावावर चार शब्द टाकले तर त्याचं काय जातं?

थॉमसिनला बुधवारी सकाळी मुलगी झाली. एबट सुईणीच्या हाताखाली होती. पोर लालबुंद, अंगाने भरलेली, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला कुत्री उठली. सुईण म्हणाली, ही तुझंच नाव लावायला आली आहे बाई. एबटने तिला पुसून, गुंडाळून छातीशी धरलं तेव्हा पोरीने तिचं बोट जे पकडलं ते सोडेना.

रीत अशी, की दुसऱ्या दिवशी धर्ममातेने बाळाला उचलून चर्चमध्ये न्यायचं. आईने अजून घराबाहेर पडायचं नसतं. एबटने पांढरी टोपी धुऊन वाळत घातली होती. गुरुवारी सकाळी ऑस्टिन येऊन म्हणाला, की टोपी राहू दे. त्याचा भाऊ डोंगरापलीकडच्या गावात असतो. तिथल्या पाद्रींनी अजून वही विकत घेतलेली नाही, आणि वही नाही म्हणजे पट्टी नाही. रविवारी पोरीला तिकडे नेऊ. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

सुईणीला ते आवडलं नाही. देवाचं काम उद्यावर टाकू नये, असं ती दोनदा म्हणाली. बिछान्यातून थॉमसिन एबटकडे बघत होती. तिला कुणीतरी ठरवून द्यायला हवं होतं.

एबट ऑस्टिनबरोबर दारापर्यंत गेली. बाहेर दोघंच होते. इथे वीस माणसं नव्हती, हसणारं कुणी नव्हतं. सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं. पण सांगायचं म्हणजे त्या शांत, कष्टाळू माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, की मी खोटारडी आहे. आणि तीन दिवसांनी बाप्तिस्मा होणारच होता की. डोंगरापलीकडे झाला काय, इथे झाला काय, पाणी तेच.

ती म्हणाली, "रविवारी वारा असेल. नीट गुंडाळून ने."

शनिवारी सकाळी थॉमसिनने दूध पाजायला पोरीला उचललं तर ती गार होती. ताप नाही, खोकला नाही, रडणं नाही. सुईणीला बोलवायलाही सवड मिळाली नाही. वेळ आल्याचं कळलं असतं तर सुईणीने तिथल्या तिथे पाणी घालून नाव ठेवलं असतं. त्याची परवानगी असते. पण वेळ कुणाला न कळता येऊन गेली होती.

फादर ज्योफ्री घरी आले, खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. पण बाप्तिस्मा नसलेल्या बाळाला चर्चच्या आवारात जागा देणं त्यांच्या हातात नव्हतं. ते हात जोडून सांगत होते आणि ऑस्टिन ऐकत होता. मग त्याने फावडं घेतलं आणि उत्तरेकडच्या बांधाबाहेर, जिथे खाजऱ्या पानांची झुडपं वाढतात, तिथे तो एकटा गेला. कुणाला बरोबर येऊ दिलं नाही. फादरनी त्या रविवारी नवी वही उघडली तेव्हा पोरीला कुठेच लिहिता येईना. बाप्तिस्मा नाही म्हणून त्या पानावर नाही, आणि धर्माप्रमाणे दफन नाही म्हणून या पानावर नाही. राज्यात एकही जीव नोंदीवाचून राहू नये म्हणून मंत्र्याने काढलेली वही कूम्बलीत उघडली ती अशी.

एबटने थॉमसिनचं घर झाडलं, रस्सा करून नेला, केस विंचरून दिले. थॉमसिन तिच्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणाली, मावशी, तू नसतीस तर माझं काय झालं असतं. एबटच्या हातातली फणी तिथेच थांबली. खरं ते तिने तेव्हाही गिळलं. तोपर्यंत तिला गिळायची सवय लागली होती.

बातमी मात्र तिच्या मागे थांबली नव्हती. नाताळपर्यंत बाळपट्टी बारा गावांत पोचली. कुठे तिला मेंढ्यांवरची पट्टी येऊन मिळाली, कुठे पांढऱ्या पावावरची. दोन गावांत माणसं कोयते घेऊन चर्चच्या दारात उभी राहिली. अशा गोष्टी मंत्र्याच्या कानांवर जायला वेळ लागत नसे. त्याला पत्रं लिहिणारे लोक प्रत्येक परगण्यात होते, आणि त्याचं उत्तर उलट टपाली येई. जानेवारीत न्यायाधीशांचा कारकून क्रिस्पिन कूम्बलीत आला. बरोबर दोन घोडेस्वार. ही आवई पहिल्यांदा कोण बोललं, एवढाच त्याचा प्रश्न होता.

जेंकिनने सांगितलं, एबट बोलली. पाठोपाठ सगळ्यांनी तेच सांगितलं. त्यात दुष्टावा नव्हता. खरंच होतं ते.

क्रिस्पिन तिच्याच बाकावर बसला, तिचीच बियर प्यायला आणि तोंड वाकडं करून त्याने लेखणी काढली. आवई उठवणाऱ्याला काय होतं तेही त्याने आधीच सांगितलं. तीन शनिवार बाजारात मान खोड्यात, आणि तिसऱ्या शनिवारी कान खिळ्याने ठोकून कापायचा. तर मग बाई, तू ऐकलंस कुणाकडून?

एबटचा हात आपोआप कानाकडे गेला.

"पॅस्को," ती म्हणाली. "फेरीवाला. डावा डोळा तिरळा आहे."

क्रिस्पिनने लिहिलं, वाचून दाखवलं, तिने खाली फुलीची खूण केली. तो गेल्यावर ती हंड्यापाशी बसून राहिली. पॅस्को समुद्रापार आहे, ती स्वतःला सांगत होती. वारा चांगला असेल तर अजून वर्षभर यायचा नाही.

पॅस्को समुद्रापार गेलाच नव्हता. डार्टमथला त्याचे गुडघे सुजले आणि जहाज त्याला सोडून गेलं. मार्चअखेर मरियामातेच्या सणाच्या जत्रेत तो फिती मांडून बसला होता, तिथेच त्याला उचललं.

पहिल्या शनिवारी एबट बाजाराला गेली नाही. अंगात कणकण आहे म्हणाली. दुसऱ्या शनिवारी गेली. कशासाठी, ते तिलाही माहीत नव्हतं. लाकडी फळ्यांतून पॅस्कोचं डोकं आणि दोन हात बाहेर आलेले, दाढीत कोबीची पानं, आणि पोरं मातीची ढेकळं मारत होती. गुडघे सुजलेल्या माणसाला दिवसभर उभं केलं होतं. तो एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकायचा आणि पुन्हा पहिल्यावर.

ती मागे सरणार तोच त्याने तिला पाहिलं. त्याचा चेहरा उजळला.

"एबटमावशी," तो म्हणाला, "देवानेच पाठवलं तुला. घोटभर काही आहे का?"

तिच्याकडे बियरचा चामडी बुधला होता. तिने तो त्याच्या तोंडाला लावला. तो प्यायला आणि ओठ चाटत म्हणाला, "पातळ आहे. पण तुझी आहे." आणि चक्क हसला. मग हळूच सांगायला लागला. कुणीतरी हलकटाने माझं नाव घेतलंय मावशी. कोण ते सांगत नाहीत, कागदावर आहे म्हणतात. मी काय बोललो होतो? तुझ्या दाराशी बसलो होतो, तूच साक्षीला आहेस. मी कारकुनाला हात जोडून सांगितलं, की कूम्बलीच्या एबटला विचारा, ती बाई देवमाणूस आहे, ती सांगेल मी काय बोललो ते. तर तो नुसता हसला. तू जा ना त्याच्याकडे. पुढच्या शनिवारी कान जाईल गं माझा. तिरळा आधीच आहे, आता कान गेल्यावर माझ्याकडून फीत कोण घेणार?

एबट म्हणाली, जाते. ती तिथून सरळ बाजारपेठेच्या वरच्या माडीवर गेली. क्रिस्पिन कागदांच्या ढिगामागे जेवत होता, वाटाण्याची घट्ट आमटी आणि खारवलेला मासा. तिने सगळं सांगितलं. पहिल्या शब्दापासून. बाळपट्टी माझी, पॅस्को माझा, थैलीवाला कारकून माझा. आयुष्यात पहिल्यांदाच ती काहीतरी न फुगवता सांगत होती, आणि तिला जाणवलं, की असं सांगितल्यावर गोष्ट किती लहान होते. दहा वाक्यांतच संपली.

क्रिस्पिनने माशाचा काटा दातांतून काढला. "फितीवाल्याने काय दिलं तुला?"

काही नाही, ती म्हणाली. खरं तेच सांगतेय.

"बाई, तुझ्या गावातले चौदा लोक शपथेवर सांगून गेलेत, की तू जन्मात एकही गोष्ट सरळ सांगितलेली नाहीस. त्यातली एक मी धरली आणि लंडनला पाठवली. मंत्रिसाहेबांच्या कचेरीतून उत्तर आलं, फेरीवाल्याला शिक्षा द्या. आता मी त्यांना कळवू, की साहेब, थांबा, बाईने विचार बदलला? उद्या पुन्हा बदललास तर?"

माझी मान घाला खोड्यात, ती म्हणाली. माझा कान घ्या.

त्याने तिच्याकडे बघितलं, आणि ते बघणं वाईट नव्हतं. मग म्हणाला, की तिला फितीवाल्याची दया आलीय हे आपल्याला दिसतंय, पण दया आली म्हणून कुणी कान बदलून देत नाही. घरी जा. आणि तो पुन्हा माशाकडे वळला.

ती खाली आली आणि खोड्याच्या चौथऱ्याला हात टेकून उभी राहिली, आणि बाजाराला सांगितलं. आवाज तिचा नेहमीचाच होता, बाकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. हा माणूस काही बोललेला नाही. मी बोलले. लोक जमले. कूम्बलीचे चारजण होतेच. जेंकिन ओरडला, मावशी, झुडूप विसरलीस, गोष्ट इथे सुरू केलीस होय? हशा पिकला. कुणीतरी विचारलं, मग मंत्री तुझा कोण, मावसभाऊ? अजून हशा. ती जितकं खरं बोलत होती तितके ते हसत होते. त्यांना वीस वर्षांची सवय होती. एबटने तोंड उघडलं की हसायचं.

पॅस्को हसत नव्हता. त्याने मान वळवता येईल तेवढी वळवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"असू दे मावशी," तो म्हणाला. "माझ्यासाठी स्वतःवर नको घेऊस. एवढं कुणी करत नाही."

त्यालाही ते खरं वाटलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या, थुंकला असता, तर तिला उभं राहता आलं असतं. ती तिथून निघाली ती घरापर्यंत कुठे थांबली नाही.

तिसऱ्या शनिवारी पॅस्कोचा कान गेला. तो एक्सेटरच्या बाजूने निघून गेला आणि पुन्हा त्या भागात दिसला नाही. एबट त्या दिवशी थॉमसिनच्या घरी होती. थॉमसिन लोकर पिंजत बसली होती आणि एबट तिच्यासमोर उभी राहून तीच दहा वाक्यं बोलली.

थॉमसिनचे हात थांबले नाहीत. तिने एकदाही, खरंच का, असं विचारलं नाही. सगळ्या परगण्यात तिने एकटीनेच विश्वास ठेवला, आणि तो तिच्या तोंडावर कसा हळूहळू उतरत गेला ते एबटला उभ्याने बघावं लागलं.

"गुरुवारी," थॉमसिन म्हणाली, "तुम्ही दोघं दारात होता. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"माझे केस विंचरत होतीस तेव्हाही?"

"हो."

लोकरीचा पुंजका संपला. थॉमसिनने दुसरा घेतला. मग ती म्हणाली, की ऑस्टिन तेव्हापासून नीट जेवत नाही. पोर मी पैशांपायी घालवली, असं म्हणाला. पहिल्या आठवड्यात एकदाच बोलला, त्यानंतर काहीच बोलत नाही. कामावर जातो आणि परत येतो. "मला सांगून काय उपयोग. त्याला सांग. आणि इथे परत येऊ नकोस, मी बोलावेपर्यंत."

ऑस्टिन वरच्या कुरणाचा बांध घालत होता. हिवाळ्यात ढासळलेले दगड बाजूला काढून ठेवलेले, आणि तो एकेक दगड हातात घेऊन, फिरवून, त्याची बाजू बघून बसवत होता. एबट चढ चढून गेली तेव्हा तिला धाप लागली होती. तिने दम खाल्ला नाही. दम खाल्ला तर गोष्टीला सुरुवात कशी करावी याचा विचार मनात येईल, याची तिला भीती वाटत होती.

तिने सांगितलं. पट्टी नव्हती. कधीच नव्हती. पॅस्को काही बोलला नव्हता. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं, आणि दारात आपण दोघंच होतो तेव्हा मी सांगणार होते आणि सांगितलं नाही. तुझा दोष नाही ऑस्टिन. माझा आहे. सगळा.

तो ऐकत होता. हातातला दगड त्याने खाली ठेवला नव्हता.

"थॉमसिनने पाठवलं?"

पाठवलं, पण खरं आहे, ती म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, की मला मार हवं तर.

त्याने दगड बसवला. बसला नाही, पुन्हा काढला, दुसरी बाजू करून बसवला. एबटला वाटलं, आता तो ओरडेल, आणि ओरडल्यावर त्याच्या छातीवरचं निघून तिच्या छातीवर येईल. त्यासाठीच तर ती चढ चढून आली होती. तेवढंच तिच्याकडे द्यायला होतं.

"तू खोटं बोललीस," ऑस्टिन म्हणाला. त्याचा आवाज कुणाशी हवापाण्याचं बोलावं तसा होता. "सुईण दोनदा सांगत होती. मला ऐकू येत होतं. मी म्हटलं, दहा दिवसांची मजुरी." त्याने हात विजारीला पुसले. "पट्टी खरी असती तरी पोर माझीच होती ना."

एबट काहीतरी बोलणार होती. तिच्या आयुष्यात असा प्रसंग आला नव्हता जिथे तिला काही बोलायला सुचलं नाही. आता सुचत होतं ते सगळं त्याच्यासाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं. तिने तोंड मिटलं.

तो पुढच्या मोठ्या दगडापाशी गेला, वाकला, एका हाताने त्याचा जडपणा अजमावला. तो एकट्याने उचलण्याजोगा नव्हता. थोडा वेळ तो तसाच वाकून उभा राहिला. मग त्याने दगड तिथेच सोडला आणि एक लहान उचलला.

ती पुढे होऊन दुसऱ्या टोकाला हात लावणार होती. त्याने मान हलवली. रागाने नाही, नुसतीच, जशी आपण फेरीवाल्याला दारातून हलवतो. ती मागे सरली. उतारावरून खाली येताना तिला मागे दगडावर दगड बसल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून, आणि गल्ली लागेपर्यंत तो ऐकू येत राहिला.